कोकणातल्या गावोगावच्या मुंबई मंडळांना खुलं पत्र: यंदा वह्यांबरोबर गोष्टीची पुस्तकं आणा, आणि ती वाचून दाखवा

प्रति,
मुंबई-ठाण्यापासून विरार-डोंबिवलीपर्यंत पसरलेल्या, कोकणातल्या गावोगावच्या ग्रामविकास मंडळांचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. खरं तर आमच्या गावच्या मंडळाला एक पत्र टाकलं असतं तरी भागलं असतं. पण आसपासच्या अंगणवाडी सेविकांशी, शाळांतल्या गुरुजी-बाईंशी बोलणं होतं तेव्हा सगळ्या गावांत तेच ऐकायला मिळतं, म्हणून सगळ्याच मंडळांना मिळून लिहिते आहे.

तुमच्या वार्षिक सभेत 'शैक्षणिक मदत' हा विषय दरवर्षी असतो. त्याखाली वह्या, दप्तरं, छत्र्या, गुणवंतांचा सत्कार येतो. माझी मागणी एवढीच की या विषयाखाली एक ओळ वाढवा: तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं, आणि ती वाचून दाखवायला माणसं. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. पहिला पैशाने होतो. दुसऱ्याला वेळ द्यावा लागतो, आणि गावाला तुमच्याकडून तोच हवा आहे.

तुमच्या मंडळांनी कोकणासाठी काय केलं आहे ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गिरणीतल्या पगारातून वर्गणी काढून तुमच्या वाडवडिलांनी शाळांचे वर्ग बांधले, विहिरी खोदल्या, देवळांचे सभामंडप उभे केले. आमच्या वाचनालयाची पहिली कपाटंही मुंबईच्या पैशातूनच आली. त्या हातांवर विश्वास आहे म्हणूनच मागते आहे.

आधी, सध्या गावात पुस्तकं कोणती येतात ते सांगते. मे महिन्यात किंवा चतुर्थीला कुणीतरी गाडीच्या डिकीतून एक गोणी उतरवतं. ती सोडली की वर जुनी गाईडं, दहावीचे प्रश्नसंच, मग स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं, दिवाळी अंक, पाककृती, एखाद्या इंग्रजी ज्ञानकोशाचा सुटा खंड. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. शिकलेल्या माणसाला पुस्तक रद्दीत टाकवत नाही, गावात कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं त्याला मनापासून वाटतं. पण चार वर्षांच्या मुलाने हातात घ्यावं असं त्या गोणीत काही नसतं. ज्या वयात पुस्तकाची ओढ लागते, नेमकं तेच वय आपल्या देणगीतून सुटून जातं.

या वयावर मी एवढा जोर का देते ते जरा सविस्तर सांगू द्या.

आपली मुलं घरी मालवणी बोलतात. रत्नागिरीकडे संगमेश्वरी, रायगडच्या किनाऱ्यावर आगरी नि कोळी, मुस्लिम मच्छीमारांच्या वस्त्यांत दालदी, डोंगराकडेला कातकरी. या बोलींत काही कमी नाही. आजीच्या गजाली ऐकत वाढलेलं पोर बोलायला पटाईत असतं. पण पहिलीत गेल्यावर त्याच्यासमोर जी मराठी येते ती वेगळी असते. 'एके दिवशी काय झालं', 'इतक्यात', 'तरीसुद्धा', 'ती मनातल्या मनात म्हणाली' अशी वाक्यं आपण स्वयंपाकघरात बोलत नाही. ती पुस्तकातच भेटतात. ज्या मुलाने ती आधी कानांनी ऐकलेली असतात, त्याला अक्षरं जुळवता जुळवता वाक्य कुठे चाललं आहे याचा अंदाज येतो. ज्याने ऐकलेलीच नसतात, त्याला अक्षर, काना-मात्रा, जोडाक्षर, नवा शब्द आणि अर्थ, सगळं एकाच वेळी पेलायचं असतं. मग ते बाराखडी घडाघडा म्हणतं, फळ्यावरचा धडा वाचून दाखवतं आणि काय वाचलंस विचारलं की गप्प बसतं. बाई म्हणतात मूल ढ आहे, आई म्हणते अभ्यास करत नाही. मुलात काहीच उणं नसतं. ती भाषा त्याच्या कानांपर्यंत कुणी पोचवलेली नसते.

आमच्या अंगणवाडीत मी आठवड्यातून एकदा पुस्तक घेऊन जाते. एकदा मांजरीची एक छोटी गोष्ट वाचत होते. पानावर मांजरीच्या तोंडात मासा होता. मासेमारी करणाऱ्या घरातला साडेतीन वर्षांचा एक मुलगा उठून पुस्तकाला नाक लावून उभा राहिला आणि विचारलं, "ह्या मांजराक पेडवो कोणी दिल्यान?" गोष्टीत याचं उत्तर नव्हतं. मग अर्धा तास त्याचाच खल झाला. कुणी म्हणालं चोरलान, कुणी म्हणालं आजीने दिल्यान, एक मुलगी ठामपणे म्हणाली की तो पेडवा नाहीच, बांगडो आसा, शेपटी बघा. चित्र इतक्या बारकाईने मोठी माणसंसुद्धा बघत नाहीत. काही आठवड्यांनी तोच मुलगा ते पुस्तक मांडीवर घेऊन धाकट्या बहिणीला 'वाचून' दाखवत होता. एक अक्षर येत नव्हतं, पण पान बरोबर जागी उलटत होता आणि मधेच थांबून आवाज बारीक करून म्हणत होता, "इतक्यात काय झाला?" बोली त्याची, 'इतक्यात' पुस्तकातलं. वाचायला शिकणं सुरू होतं ते असं, पाटी हातात येण्याच्या कितीतरी आधी.

सरकारलाही हे कळलेलं आहे. ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, आणि हे २०२६-२७ पर्यंत गाठायचं, असं त्याचं उद्दिष्ट आहे. 'असर' या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ साली हाच आकडा १६.३ होता. हे आकडे देशाचे आहेत, आपल्या जिल्ह्याचे नव्हेत. सुधारणा आहे हे खरं, पण चारातली तीन मुलं अजून मागे आहेत आणि तिसरीत मागे राहिलेल्या मुलाला पुढे इतिहास, भूगोल, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळंच जड जातं. शाळांना ग्रंथालयासाठी थोडंफार अनुदान येतं. अंगणवाडीत मात्र पोषण आहार, वजन-उंची, रजिस्टरं आणि वर मोबाइलमधली माहिती भरणं यातून सेविकेला उसंत मिळाली तरच गोष्ट होते. तिच्याकडे गोष्टीची चार चांगली पुस्तकं असतील तर ती वाचते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आणि वाचून दाखवणं म्हणजे परदेशातून आलेलं काही फॅड आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी कुडाळजवळच्या पिंगुळीची आठवण करावी. ठाकर समाजाचे चित्रकथी कलावंत पिढ्यान्‌पिढ्या पोथीतलं एकेक चित्र लोकांसमोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगत आले. ती कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. समोर चित्र, शेजारी आवाज आणि ऐकणाऱ्यांचा घोळका, ही आपल्याच मातीतली रीत आहे. ज्या कोकणात रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून आहे, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ पासून आहे, ज्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं, तिथल्या चार वर्षांच्या मुलाच्या हाताला येईल असं एकही पुस्तक त्याच्या वाडीत नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कोणती पुस्तकं. एका पानावर एक-दोन वाक्यं, अक्षर टपोरं, चित्र मोठं आणि स्वच्छ. बांधणी पक्की. शेवटी 'तात्पर्य' नसेल तर उत्तम, लहान मुलांना गोष्ट पुरते. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका यांची मराठी चित्रपुस्तकं बघा. यातली बरीच वहीच्या एका डझनापेक्षा स्वस्त पडतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह कितीतरी भाषांतल्या गोष्टी मोफत वाचता येतात, उतरवून छापूनही घेता येतात. आधी तिथे चार गोष्टी स्वतः मोठ्याने वाचून बघा, म्हणजे कोणती जिभेवर बसते ते कळेल. शब्द नसलेली, नुसत्या चित्रांची पुस्तकंही घ्या. त्यांचं कारण पुढे सांगते.

आणि कृपा करून शंभर वेगवेगळी पुस्तकं घेऊ नका. वीस निवडा आणि प्रत्येकाच्या पाच प्रती घ्या. लहान मुलं नवं पुस्तक मागत नाहीत, कालचंच परत मागतात. एकच गोष्ट दहादा ऐकताना दर वेळी त्यांना नवं काहीतरी सापडतं. शिवाय प्रती जास्त असल्या की एक अंगणवाडीत राहते, एक शाळेत, आणि उरलेल्या घरी जातात.

घरी जाण्यावरून एक अडचण सांगायलाच हवी. एका शाळेत मंडळाने दिलेली सुंदर पुस्तकं मी कुलूपबंद कपाटात पाहिली, प्लास्टिकसुद्धा न काढलेली. मुख्याध्यापकांना दोष द्यावा असं मला वाटलं नाही. पुस्तक साठा नोंदवहीत चढलं की दप्तर तपासणीला त्याचा हिशेब द्यावा लागतो, फाटलं-हरवलं तर निर्लेखनाचे कागद करत बसावं लागतं. मुलांच्या हातात पुस्तक दिलं की ते फाटणारच, मग कुलूप बरं असं कुणालाही वाटेल. हे कुलूप तुम्हीच उघडू शकता. देणगीपत्रात स्पष्ट लिहा: 'ही पुस्तकं मुलांनी हाताळण्यासाठी व घरी नेण्यासाठी दिली आहेत. वापरून फाटली किंवा हरवली तर मंडळाची हरकत नाही व वसुली करू नये.' पत्राची एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला, एक केंद्रप्रमुखांना, अंगणवाडीसाठी असेल तर एक पर्यवेक्षिकेला. एवढ्या दोन ओळींनी शिक्षकांच्या मनावरचं ओझं उतरतं. आणि पुढच्या वर्षी गावी याल तेव्हा पुस्तकं कोरी करकरीत दिसली तर समाधान मानू नका, चिंता करा.

पावसाचंही बोललं पाहिजे, कारण मदत बहुतेक जून ते चतुर्थी याच काळात येते. आपल्याकडे त्या चार महिन्यांत मीठ पाझरतं, भिंतीला बुरशी येते, तिथे कागदाचं काय. पुठ्ठ्याच्या खोक्यातून एस.टी.ने किंवा खाजगी बसने पुस्तकं पाठवू नका. जाड प्लास्टिकमध्ये नीट बांधून स्वतःबरोबर आणा, नाहीतर सरळ १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पोचतील असं बघा, तोवर पाऊस बहुधा आवरतो. लोखंडी बंद कपाट देऊ नका, त्यात ओल कोंडते आणि वर कुलूपही येतं. त्यापेक्षा मुलांच्या उंचीला येईल अशी एक जाड दोरी आणि कपड्यांचे चिमटे पुरतात. मुखपृष्ठ समोर दिसतं, मूल स्वतः काढून घेतं, वाराही लागतो. कसरीसाठी वेखंडाच्या कांड्या किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. डांबरगोळ्या अजिबात नकोत, या वयाची मुलं हाताला लागेल ते तोंडात घालतात.

आता वेळेची मागणी. आपल्या गावांत अशी कितीतरी घरं आहेत जिथे आईबाप मुंबईला आणि मूल आजी-आजोबांजवळ आहे. तुमच्यापैकी काहींचीच मुलं ती. त्यांच्यासाठी मला एक गोष्ट सुचते: एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. एक मुंबईच्या खोलीत ठेवा, दुसरी गावी मुलाजवळ. रात्री व्हिडिओ कॉल करता तेव्हा 'जेवलास काय, अभ्यास केलास काय' झालं की बोलणं संपतं. त्याऐवजी दोघांनी पुस्तक उघडा. तुम्ही तिकडे वाचा, इथे आजी पान उलटेल. "पान खयचा? वाघाचा?" असं चालू द्या. लोकलच्या प्रवासाने दमलेल्या माणसालाही पाच मिनिटं निघतात. रेंज नसेल, आणि आपल्या वाड्यांत ती बऱ्याचदा नसतेच, तर गोष्ट मोबाइलवर बोलून पाठवा, रेंज येईल तेव्हा उतरेल. आई किंवा बापूस पुस्तक वाचतो आहे, हा आवाज मुलाच्या कानात बसला पाहिजे.

आजीला वाचता येत नसेल तर? म्हणूनच बिनशब्दांची पुस्तकं मागितली. अक्षर न येणारी आजी चित्र बघून गोष्ट रचते तेव्हा मूल पुस्तकाशी तितकंच जोडलं जातं. आजीने मालवणीत सांगावं, बिनधास्त. 'मुलाशी शुद्ध बोला' म्हणून तिला गप्प करू नका.

वाचायचं कसं, तेही लिहिते, कारण चतुर्थीला तुमच्यापैकी कुणीतरी प्रत्यक्ष बसणार आहे अशी माझी खात्री आहे. मुलांना खाली, स्वतःही खाली. पुस्तकाची पानं मुलांकडे, तुम्ही बाजूने वाचायचं. आधी मुखपृष्ठ दाखवून आत काय असेल ते विचारा. सावकाश वाचा. अक्षरांखालून बोट फिरवा. चित्र आलं की थांबा, मुलांना बघू द्या, पुढे काय होईल ते त्यांना सांगू द्या, चुकीचं सांगितलं तरी हसू नका. अवघड शब्द गाळू नका, एकदा बोलीत सांगून परत पुस्तकातलं वाक्य वाचा. मूल उठून गेलं तर जाऊ द्या, परत येतं. आणि गोष्ट संपल्यावर प्रश्नपत्रिका काढू नका. 'यातून काय शिकलात' हा प्रश्न आला की मुलांचे चेहरे पडतात, पुढच्या वेळी ती ऐकताना उत्तर शोधत बसतात.

तिसरी-चौथीतल्या मुलांनाही यात घ्या. ज्यांना स्वतःच्या वर्गात अडखळत वाचायची लाज वाटते, ती अंगणवाडीतल्या पोरांसमोर छाती फुगवून वाचतात. सोपं पुस्तक वाचल्याचा कमीपणा राहत नाही आणि सराव आपसूक होतो. पट दहा-बारावर आलेल्या आपल्या शाळांत, जिथे पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते, तिथे तर हे सहज जमण्यासारखं आहे.

ज्या मंडळांत डॉक्टर, नर्स असतील त्यांच्यासाठी आणखी एक. अमेरिकेत बॉस्टनच्या एका सरकारी रुग्णालयातल्या मंडळींनी १९८९ साली 'रीच आऊट अँड रीड' नावाचा उपक्रम सुरू केला. बाळ तपासणीला आलं की डॉक्टर त्याच्या हातात एक नवं पुस्तक देतात आणि आईला ते कसं वाचून दाखवायचं ते सांगतात. आपल्याकडे लसीकरणाच्या दिवशी वाडीतल्या सगळ्या आया बाळांना घेऊन येतातच, आशाताई आणि सेविका दोघी तिथे असतात. इंजेक्शन टोचून झाल्यावर अर्धा तास थांबवून ठेवतात, तो अर्धा तास मोकळाच असतो. प्रत्येक बाळामागे एक जाड पानांचं पुस्तक, एवढा खर्च एखाद्या मंडळाने वर्षभर उचलला तर आरोग्य उपकेंद्राशी बोलून द्यायचं काम आमचं वाचनालय करेल.

पैशांचं मी फार लिहीत नाही, तुमचे खजिनदार माझ्यापेक्षा हुशार आहेत. सत्कारातल्या शाली आणि स्टँडवरचे बॅनर एक वर्ष आवरते घेतले तरी एका अंगणवाडीची पुस्तकं सहज बसतात.

आमच्या वाचनालयात वीस पुस्तकांची एक यादी तयार आहे, किमती आणि कुठे मिळतील त्या पत्त्यांसकट. ज्या मंडळाला हवी असेल त्यांनी गावच्या सरपंचांमार्फत किंवा आपल्या शाळेमार्फत निरोप द्यावा, फोनवर पाठवून देईन. शेजारच्या गावांनी एकमेकांशी बोलून वेगवेगळी पुस्तकं घेतली तर वर्षाने अदलाबदलही करता येईल. जुनी पुस्तकं द्यायची असतील तर तीही घेऊ, फक्त गोणी भरण्याआधी प्रत्येक पुस्तक उघडून बघा आणि आपल्या घरातल्या चार वर्षांच्या मुलाला हे वाचून दाखवाल का, ते स्वतःला विचारा.

चतुर्थीत तुमची घाई मला ठाऊक आहे. आरत्या, भजनं, माटी, पाहुणे, परतीच्या गाडीचं तिकीट. तरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी दहा ते अकरा हा एक तास मंडळाने कार्यक्रमपत्रिकेत घालावा. त्या दिवशी अंगणवाडीला सुट्टी असते, पण किल्ली मदतनीस ताईंकडे असते आणि आमच्या गावच्या ताई तरी उघडून देतो म्हणाल्या आहेत. सतरंज्या आमच्या वाचनालयातून येतील. वाचणारे किमान दोघे असावेत, शक्यतो एक पुरुष, कारण पुस्तक वाचणारा बापूस, काका, आजोबा इथल्या मुलांना फारसा बघायला मिळत नाही. नावं सभेतच ठरवून कळवा, म्हणजे कोणतं पुस्तक कोण वाचणार ते आधी ठरवून तुम्हाला सरावाला पाठवता येईल.

आपली,
गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग